मुंबईहून न्यूयॉर्क किती लांब?

दोन विमानतळांची नावं टाकली की संगणक क्षणात अंतर सांगतो. मुंबई ते न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ, सुमारे १२,५३० किलोमीटर. ताशी नऊशेचा वेग धरून आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवून प्रवासाचा अंदाजही खाली येतो, साडेचौदा तासांच्या आसपास. पहिला आकडा बरोबर असतो. दुसऱ्यावर विसंबून कुणी विमानतळावर आणायला गेलं तर ताटकळत बसेल. मुंबईहून जाणाऱ्या थेट विमानाला वेळापत्रकात साधारण सोळा तास दिलेले असतात, आणि परतीच्या विमानाला त्याहून तास-दीड तास कमी. विमान तेच, विमानतळ तेच, मग हा फरक कुठून येतो?

भूमिती, वारा, राजकारण, इंजिनं, इंधनाचा हिशेब आणि विमान कंपन्यांचा थोडासा धूर्तपणा, एवढं सगळं या प्रश्नात गुंतलेलं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो : प्रवासाचे तास ठरवण्यात किलोमीटरच्या आकड्याचा वाटा लोक समजतात त्याहून बराच कमी आहे.

अंतर काढण्याचं गणित जुनं आहे. पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल धरायची, दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि गोलीय त्रिकोणमितीचं एक सूत्र लावायचं. शाळेत साइन-कोसाइन शिकलेल्या कुणालाही ते कॅल्क्युलेटरवर जमेल. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. तिची त्रिज्या विषुववृत्तावर ६,३७८ किलोमीटर, तर ध्रुवाकडे ६,३५७ भरते. त्यामुळे गोल धरून काढलेलं उत्तर फार तर अर्ध्या टक्क्याने चुकतं. तेवढीही चूक नको असेल तर थॅडियस विन्सेंटी यांनी १९७५ मध्ये मांडलेली सूत्रं आहेत, ती मिलिमीटरपर्यंत जातात. मुंबईची मोठी धावपट्टीच जवळजवळ साडेतीन किलोमीटरची आहे, तेव्हा विमानाला मिलिमीटरचं काय कौतुक, हा भाग वेगळा.

खरी गंमत नकाशावर आहे. भिंतीवरच्या नकाशात मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडा. रेघ अरबस्तान, दक्षिण इजिप्त, लिबिया आणि मोरोक्को ओलांडून अटलांटिकमध्ये उतरते आणि मडेरा बेटांजवळून अमेरिकेला लागते. मर्केटरने १५६९ मध्ये हा नकाशा काढला तो खलाशांसाठी. त्यावरची सरळ रेघ म्हणजे होकायंत्रावरची दिशा न बदलता जाता येईल अशी वाट. जहाजाला ती सोयीची, पण सर्वांत जवळची नव्हे. त्या रेघेने गेलं तर मुंबई–न्यूयॉर्क सुमारे १४,२०० किलोमीटर भरतं, म्हणजे साडेसोळाशे किलोमीटर जास्त. आता पृथ्वीगोल घ्या आणि या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो मुंबईतून उत्तर-वायव्येला निघतो. सौराष्ट्र, कच्छचं रण, सिंध, अफगाणिस्तानचा पश्चिम भाग, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मग रशिया आणि फिनलंडची दक्षिण किनारपट्टी. फेरो बेटं आणि आइसलंड यांच्यामधून ६५ अंश अक्षांशाच्या जवळपास तो सर्वांत वर पोचतो, तिथून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी खाली वळतो आणि कॅनडाच्या लॅब्राडोरवरून न्यूयॉर्कला येतो. समोरच्या पडद्यावर विमानाची वाट कमानीसारखी वाकलेली पाहून ‘हा एवढा वळसा का घेतोय’ असं वाटतं, तेव्हा वळसा नकाशाने घेतलेला असतो.

वर आलेली देशांची यादी पुन्हा एकदा वाचा. या दोऱ्यावरून विमान नेमकं उडालं असेल असे दिवस फार थोडे. भारतीय कंपन्यांच्या विमानांना पाकिस्तानने आपलं आकाश २४ एप्रिल २०२५ रोजी बंद केलं, भारतानेही आठवडाभरात तसंच उत्तर दिलं. अफगाणिस्तानवरून जाणं कंपन्या शक्यतो टाळतात. रशियाने २०२२ च्या फेब्रुवारीनंतर युरोपातल्या अनेक देशांच्या, पुढे अमेरिकेच्याही विमानांना दार लावून घेतलं, भारतीय कंपन्यांना मात्र ते उघडं राहिलं. म्हणजे एकाच वाटेवर भारतीय कंपनीला पाकिस्तानची अडचण, तर अमेरिकन कंपनीला रशियाची. दोन शहरांमधलं अंतर विमानाच्या शेपटीवरच्या झेंड्यानुसार बदलतं, हे कुठल्याही सूत्रात बसत नाही.

बंद आकाशाची किंमत किती असते? बालाकोटवरच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने २७ फेब्रुवारी २०१९ ला हवाई हद्द बंद केली ती १६ जुलैपर्यंत. त्यातल्या २ जुलैपर्यंतच्या काळात एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचं सरकारने राज्यसभेत सांगितलं. तेव्हाही आणि २०२५ मध्येही सगळ्यांत जास्त भरडली गेली दिल्ली. दिल्लीहून पश्चिमेला निघालेलं विमान लगेच पाकिस्तानच्या तोंडाशी येतं, त्याला आधी दक्षिणेला गुजरातकडे वळून अरबी समुद्र गाठावा लागतो. उत्तर अमेरिकेच्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला थांबावं लागलं, आणि ‘थेट’ म्हणून विकलेल्या तिकिटावर प्रवासी युरोपात धावपट्टीवर बसून राहिले. मुंबईला समुद्र दाराशी असल्याने झळ कमी लागते, पण लागतेच. कारण तिथून पुढची वाट आखाताकडून जाते, आणि आखाताचं आकाशही भरवशाचं नाही. जून २०२५ मध्ये इराण आणि इस्राएल यांच्यात क्षेपणास्त्रं उडू लागली तेव्हा निघालेली विमानं अर्ध्या वाटेतून परत फिरली, काही भलत्याच शहरात उतरली.

याहून वाईट अवस्था फिनलंडच्या फिनएअरची झाली. युरोपातून जपानला सर्वांत जवळून नेणारी कंपनी म्हणून तिने धंदा उभा केला होता आणि त्या सगळ्या धंद्याचा पाया सैबेरियाचं आकाश. ते बंद झाल्यावर हेलसिंकी–टोकियो प्रवास नऊ-साडेनऊ तासांवरून तेराच्या आसपास गेला. काही विमानं चक्क उत्तर ध्रुवावरून नेली गेली आणि प्रवाशांना त्याचं प्रमाणपत्र देण्यात आलं. हा प्रकार नवा नाही. शीतयुद्धात सोव्हिएत आकाश बंद होतं तेव्हा युरोप–जपान विमानं अलास्कातल्या अँकरेजला थांबून जात, स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने १९५७ मध्ये ती वाट सुरू केली होती. उघड्या आकाशाचेही पैसे पडतात. ज्या देशावरून जायचं तो विमानाचं वजन आणि कापलेलं अंतर पाहून शुल्क लावतो. त्यामुळे कधी कधी लांबची वाट स्वस्त पडते आणि कंपनी ती निवडते.

आता वारा. विमानाचा वेग हवेच्या तुलनेत मोजला जातो, जमिनीच्या नव्हे. बोइंग ७७७ किंवा ७८७ साधारण ध्वनीच्या ०.८५ पट वेगाने जातं. त्या उंचीवरच्या उणे ५५ अंशांच्या हवेत तो ताशी नऊशे किलोमीटर भरतो. पण ती हवाच वाहत असते. नदीत वल्ही मारणाऱ्या नावाड्याला जे प्रवाहाचं, तेच वैमानिकाला वाऱ्याचं. मध्य अक्षांशांत दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद, वेगवान झोत वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यातला एक झोत उत्तर भारतावरून जातो. जपानचे हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून हे वारे १९२० च्या दशकात मोजले आणि जगाला कळावं म्हणून अहवाल एस्परांतो भाषेत छापला, त्यामुळे तो जवळजवळ कुणीच वाचला नाही. अमेरिकनांना हा वारा कळला तो १९४४ मध्ये, जपानवर बॉम्ब टाकायला गेलेली बी-२९ विमानं त्यात सापडल्यावर.

या वाऱ्याची ताकद पाहायची तर ८ फेब्रुवारी २०२० ची रात्र आठवावी. सियारा वादळाच्या पाठबळावर ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग तेराशे किलोमीटरच्या वर गेला होता, तरी ते ध्वनीच्या वेगाच्या आतच होतं, कारण हवाच त्याला घेऊन पळत होती. जाताना जेवढं नुकसान होतं तेवढं येताना भरून निघतं, असं मात्र नाही. समजा १२,५०० किलोमीटर वाटेवर ताशी शंभरचा वारा आहे. विरुद्ध जाताना १५ तास ३८ मिनिटं, सोबतीने येताना १२ तास ३०. बेरीज २८ तास ८ मिनिटं. वारा नसता तर दोन्ही वेळचे मिळून २७ तास ४७ मिनिटं लागले असते. वारा आपली वीस मिनिटं ठेवून घेतोच, कारण तो विरोधात असतो तेव्हा आपण त्याच्यात जास्त वेळ असतो.

अंतर आणि वेळ यांची फारकत दाखवणारं माझ्या माहितीतलं सर्वांत ठसठशीत उदाहरण एअर इंडियाचंच आहे. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाली. गोलावरचं किमान अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर, पण ती वाट हिमालय आणि तिबेट ओलांडून आर्क्टिककडे जाते. म्हणून विमान युरोप आणि अटलांटिकवरून जाई, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने तोंड फिरवलं आणि विमान पूर्वेला, प्रशांत महासागरावरून नेलं. अंतर झालं १५,३०० किलोमीटर, त्या वेळी जगातलं सर्वांत लांबचं थेट उड्डाण, आणि वेळ साडेचौदा तास. आधीच्या, चौदाशे किलोमीटरने जवळच्या वाटेपेक्षा जवळजवळ दोन तास कमी. पूर्वेला गेल्यामुळे वारा पाठीशी होता. परतताना विमान अटलांटिकवरून पुन्हा पूर्वेलाच येई. म्हणजे दिल्लीकराने सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन-येऊन केलं की पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण, आणि त्याचं वेगळं तिकीट नाही.

अटलांटिकवर तर वाऱ्यानुसार रस्तेच रोज बदलतात. आयर्लंड-स्कॉटलंडकडचं आणि कॅनडातल्या गँडरचं, अशी दोन नियंत्रण केंद्रं दिवसातून दोनदा समांतर मार्ग आखून देतात. पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी दिवसाचे, वारा टाळणारे, आणि युरोपकडे येणाऱ्यांसाठी रात्रीचे, वारा पकडणारे. कालचा मार्ग आज नसतो.

पण दिल्लीहून निघालेलं विमान हिमालय का टाळतं? विमान डोंगराच्या वरूनच जातं, तो आड येत नाही. पण केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला दहा हजार फुटांवर यावं लागतं, प्रवाशांच्या मुखवट्यातला प्राणवायू काही मिनिटांचाच असतो. तिबेटवर दहा हजार फुटांवर हवा नाही, जमीन आहे.

दोन इंजिनांच्या विमानांनाही असंच बंधन असतं. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर ठरलेल्या मिनिटांत कुठला तरी विमानतळ गाठता आला पाहिजे. १९५३ च्या अमेरिकन नियमात ही मर्यादा साठ मिनिटं होती, म्हणून महासागर ओलांडायला तीन-चार इंजिनं लागत. १९८५ मध्ये टीडब्ल्यूए कंपनीच्या बोइंग ७६७ ला दोन तासांची परवानगी मिळाली आणि अटलांटिक दुइंजिनी विमानांना मोकळा झाला. आता बोइंग ७८७ ला साडेपाच तासांपर्यंतची मुभा आहे. कागदावरची ही अट प्रत्यक्षात कशी दिसते ते ६ जून २०२३ ला कळलं. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगदानला उतरलं. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी, बहुतेकांनी त्या शहराचं नावही ऐकलं नसेल. मुंबईहून दुसरं विमान पाठवून त्यांना पुढे नेईपर्यंत दोन दिवस गेले. त्या विमानाच्या बाबतीत दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को वेळ किती धरायची?

विमानांचा वेग वाढला म्हणून आपण लवकर पोचतो, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. ८ जून १९४८ ला एअर-इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून ३५ प्रवासी घेऊन लंडनला निघालं, वाटेत कैरो आणि जिनिव्हा. ते पंख्यांचं कॉन्स्टेलेशन ताशी पाचशेच्या आसपास चाले. १४ मे १९६० ला बोइंग ७०७ ने लंडनमार्गे न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली आणि वेग जवळजवळ दुप्पट झाला. पण तिथेच तो थांबला. आजचं ७८७ त्या ७०७ पेक्षा फारसं वेगाने जात नाही. मधल्या काळात काँकॉर्ड येऊन गेलं. ते अटलांटिक साडेतीन तासांत ओलांडायचं, पण मुंबईकराच्या उपयोगाचं नव्हतं. १९६० नंतर वाचलेले सगळे तास थांबे गाळल्याने वाचले. एअर इंडियाने १ ऑगस्ट २००७ ला मुंबई–न्यूयॉर्क थेट विमान सोडलं ते वेग वाढला म्हणून नव्हे, सोळा तासांचं इंधन घेऊन उडता येऊ लागलं म्हणून.

आणि इंधन वाहून नेण्यातच इंधन जळतं, ही लांब पल्ल्याची खरी मर्यादा. सिंगापूर–न्यूयॉर्क ही आजची सर्वांत लांबची नियमित वाट, सुमारे १५,३४९ किलोमीटर, साडेअठरा तासांच्या वर. तिथे जाणाऱ्या एअरबस ए-३५० मध्ये फक्त १६१ आसनं आहेत आणि स्वस्त वर्ग नाहीच. त्याच विमानाच्या नेहमीच्या मांडणीत २५३ लोक बसतात. क्वांटासने २०१८ पासून पर्थ–लंडन १४,५०० किलोमीटर थेट नेलं आणि आता सिडनी–लंडन, १७,००० किलोमीटर, वीस तासांच्या वर, अशी तयारी चालवली आहे. पृथ्वीवर दोन ठिकाणं वीस हजार किलोमीटरपेक्षा फार दूर असूच शकत नाहीत, त्यामुळे यापुढे शर्यत संपतच आली. सोळा तासांपलीकडे वाचलेला वेळ मिळतो तो दुबईला किंवा फ्रँकफर्टला पाय मोकळे करण्याच्या बदल्यात. ज्याची पाठ दुखते त्याने हा सौदा नीट तपासून घ्यावा. आईवडिलांना नातवंडांकडे न्यू जर्सीला पाठवणारी मुलं मात्र थेट विमानाचाच आग्रह धरतात, परक्या विमानतळावर दार शोधत फिरायला नको म्हणून. ते समजण्यासारखं आहे.

वेळापत्रकातले तास हे पुन्हा निराळंच प्रकरण. ते हवेतले नसतात. विमान दारापासून मागे सरकल्यापासून दुसऱ्या दाराशी थांबेपर्यंतचे असतात. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. रांगेत उभं राहणं किंवा उतरण्याआधी अलिबागच्या बाजूला घिरट्या घालणं नवलाचं नाही. शिवाय पंधरा मिनिटांच्या आत पोचलं तर विमान ‘वेळेवर’ गणलं जातं, तेव्हा कंपन्या मुळातच थोडे जास्त तास छापतात. ‘आपण वीस मिनिटं लवकर पोचलो’ या घोषणेवर टाळ्या वाजवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. ऑक्टोबर आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी वेळापत्रक बदलतं. हिवाळ्यात वारा जोराचा असतो, म्हणून जातानाचे तास वाढतात. न्यूयॉर्कचं घड्याळ मात्र एक ते तीन आठवडे पुढेमागे आपल्या वेगळ्याच तारखांना बदलतं, उन्हाळ्यात ते आपल्यामागे साडेनऊ तास असतं आणि थंडीत साडेदहा. तिकिटावरच्या दोन वेळांची नुसती वजाबाकी करून प्रवासाचे तास काढणारे म्हणूनच फसतात.

आणि मग जमिनीवरचे तास. पुण्याच्या माणसाला लोहगावहून अमेरिकेचं थेट विमान नाही. रात्री दोनच्या विमानासाठी तो संध्याकाळीच घर सोडतो. घाट, पनवेल, मग मुंबईची गर्दी, तपासणी, इमिग्रेशन. धावपट्टीवर चाकं फिरेपर्यंत त्याचे सात-आठ तास गेलेले असतात, सोळा तासांच्या निम्मे. उलव्याचा नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झाला. अमेरिकेची थेट विमानं तिथून सुटू लागली तर न्यूयॉर्कचं हवाई अंतर वीसेक किलोमीटरने वाढेल आणि पुणेकराचा प्रवास तासाभराने कमी होईल.